वाटाण्याएवढा चंद्र

१० सप्टेंबर २०२५, बुधवार

चि. हेमांगी हिस,
दिनानाथ गुरुजींचे आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र फाडायला घेतलं असशील, तर त्याआधी एवढंच वाच. चंद्राच्या बाबतीत तुझं बरोबर होतं आणि माझं चूक होतं.

हे मला काल दुपारी कळलं, शाळेच्या पडवीत, अठरा पोरांच्या समोर. सत्तराव्या वर्षी माणसाला असा धक्का बसू नये, पण बसला.

तुझा फोन नंबर मी मागितला होता. तुझी आत्या भागुबाई म्हणाली, ‘तिला इचारल्याबिगर नंबर देनार न्हाय. पत्ता घ्या, तिच्या खानावळीचा पत्ता काय, समद्या हरिहरेश्वराला ठाव हाय.’ म्हणून हे पत्र.

रविवारी ग्रहण होतं. पोरं जागून बघत बसली होती. मंगळवारी दीपेश सरांना, म्हणजे आपल्या शाळेवर आलेल्या नव्या सरांना, तालुक्याला प्रशिक्षणासाठी बोलावलं होतं. ते म्हणाले, गुरुजी, एक दिवस वर्ग सांभाळा, ग्रहणाचं काहीतरी सांगा. निवृत्त मास्तराला एवढं पुरतं. मी इस्त्रीचा सदरा घालून पाऊण तास आधी हजर.

भिंतीवर मी रंगवलेलं चित्र अजून आहे. परातीएवढी पृथ्वी आणि शेजारी टिकलीएवढा चंद्र. मी नेहमीप्रमाणे सुरू केलं, की पृथ्वीच्या पोटात पन्नास चंद्र मावतात, म्हणून पृथ्वी पन्नास बोटं रुंद धरली तर चंद्र एक बोट. तीस वर्षं हेच सांगत आलो. कुणी कधी हूं की चूं केलं नव्हतं. म्हणजे, तू सोडून.

सातवीत नलू नावाची मुलगी आहे. ती उठली आणि म्हणाली, ‘गुरुजी, सावलीला अख्खा चांद गिळायला एक तास लागला. मी घड्याळ लावून बघितला. मंग सवा तास तो आत व्हता. पृथ्वी पन्नास चांद रुंद असंल तर तो पन्नास तास आत ऱ्हायाला पायजे. दोन दिस. तो तर बारा-साडेबाराला बाहेर यायला लागला.’

मी म्हणालो, सावलीचं गणित वेगळं असतं. मास्तराला उत्तर येत नसलं की तो हेच म्हणतो. पोरांनाही ते कळलं असावं. मग मीच हट्टाला पेटलो. म्हटलं, करूनच दाखवतो. गणपती करायला आणलेली शाडूची माती उरली होती. पोरांकडून सारखे पन्नास गोळे वळून घेतले. एक बाजूला ठेवला, तो चंद्र. उरलेले एकोणपन्नास एकत्र मळून एकच मोठा गोळा केला, ती पृथ्वी. आणि दोन्ही शेजारी ठेवले.

हेमांगी, मोठा गोळा सोललेल्या नारळाएवढा झाला होता आणि शेजारचा लहान लिंबाएवढा. नलूने सुतळीने मापलं. पृथ्वीच्या रुंदीत चंद्र पावणेचार वेळासुद्धा बसेना, जेमतेम साडेतीनच्या वर. पोरं हसायला लागली. मी मात्र खाली बसलो.

चूक कशी झाली ते आता दिसतं. माझी आई जवळा मापाने विकायची. आपल्याकडे मोठं म्हणजे ज्यात जास्त मावतं ते. मी मापाचा आकडा उचलला आणि भिंतीवर पट्टीने काढला. पन्नास मावतात म्हणजे पन्नासपट रुंद असं होत नाही, कारण गोळा लांबीला, रुंदीला आणि उंचीला, तिन्हीकडून वाढतो. एवढी साधी गोष्ट.

आणि तिथे बसल्या बसल्या मला तू आठवलीस. तू सातवीत असताना म्हणाली होतीस, ‘गुरुजी, मी भाकरीच्या पिठाचे पन्नास गोळे करून बघितले.’ मी म्हणालो होतो, हे विज्ञान आहे, सैपाक नव्हे. वर्ग हसला होता.

तर एवढं कळवायचं होतं. त्या वर्षी विज्ञान प्रदर्शनात तुझा नंबर गेला, त्याला थोडा मीही जबाबदार आहे. परीक्षकही जरा कडकच होते म्हणा. असो. तुझ्या घरच्यांना आशीर्वाद.

दिनानाथ गुरुजी

१६ सप्टेंबर २०२५

हेमांगी हिस आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. मी अपेक्षाही केली नव्हती, तरी पोस्टमन दिसला की उठून उभा राहतो.

मागच्या पत्रात मी ‘थोडा जबाबदार’ असं लिहिलं. पत्र टाकून घरी आलो आणि तो ‘थोडा’ शब्द डोक्यातून जाईना. मला माझाच राग आला. म्हणून आज नीट लिहितो.

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं, २००३ साल, जानेवारी महिना. तुझ्या बाबांनी, येसाजीने, जाळं तरंगत ठेवणारा एक मोठा गोल बोया तुला दिला होता. तो तू निळा रंगवून त्यावर जमीन काढलीस, ती तुझी पृथ्वी. चंद्र तू कागदाच्या लगद्याचा केला होतास, मोसंब्याएवढा. खड्डेसुद्धा काढले होतेस, करंगळीने दाबून. आई नसलेली पोर, आत्याच्या हाताखाली घर सांभाळून हे करते याचं मला कौतुकच होतं. ते मी तुला कधी बोलून दाखवलं नाही.

परीक्षक यायच्या आधी अर्धा तास मी तो चंद्र बघितला आणि माझं डोकं फिरलं. शाळेच्या भिंतीवर माझ्या हातचं चित्र, त्याखाली माझं नाव, आणि माझीच विद्यार्थिनी सगळ्या तालुक्यासमोर त्याच्या उलट काहीतरी मांडून बसलेली. समोरच्या शाळेच्या टेबलावर कडधान्यांचा तक्ता होता. त्यातला एक वाळका वाटाणा मी उचलला, खडूने पांढरा केला, तुझा चंद्र दोऱ्यावरून तोडला आणि त्याच दोऱ्याला वाटाणा बांधला. तू म्हणालीस, ‘गुरुजी, नको.’ दोनदा म्हणालीस. तुझा चंद्र मी टेबलाखालच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकला.

हे मी विसरलो होतो असं म्हणणार होतो. विसरलो नव्हतो. फक्त माझं बरोबर होतं असं समजत होतो, त्यामुळे ते मला कधी टोचलं नाही. चुकीची गोष्ट काढून बरोबर लावली, त्यात काय एवढं? बावीस वर्षं मी या समजुतीवर ढाराढूर झोपलो. आता बरोबर गोष्ट काढून चुकीची लावली होती हे कळलं, आणि तुझं ते ‘नको’ कानात बसलं आहे.

पुढे परीक्षक काय बोलले ते आता नीट आठवत नाही. गर्दी फार होती.

पण एक सांगतो. त्यानंतर आठवड्याभरात येसाजीने तुला शाळेतून काढलं, त्यात माझा हात नव्हता. मी त्याला तुझ्याबद्दल एक शब्द बोललो नाही. भागुबाई म्हणाली, ‘पोर लगीन करून गेली ती पंधरा वर्सं बापाशी बोलत न्हाय. मास्तरावर इस्वास ठेवला न मला घरात बसवली, येवढंच तिच्या डोक्यात हाय.’ हे ऐकून मी हबकलो. तुमच्या दोघांचं बोलणं बंद आहे हे गावात सगळ्यांना माहीत होतं. ते माझ्यापाशी येऊन थांबतं हे मला माहीत नव्हतं.

दीपेश सरांनी भिंतीवरचा चंद्र पुसला. नवा काढायला मला बोलावलं होतं. मी गेलो नाही.

दिनानाथ

२६ सप्टेंबर २०२५

हेमांगी,

तुझं कार्ड काल मिळालं. एकच ओळ. ‘गुरुजी, वाटाणा तुम्ही बांधलात ते मला माहीत आहे, तुम्ही परीक्षकांना काय सांगितलंत ते लिहा.’

कार्ड हातात घेऊन किती वेळ ओट्यावर बसलो कोण जाणे. भात करपल्याचा वास आला तेव्हा उठलो. तुला सगळं आठवतं आणि मला आठवत नाही असं कसं होईल, हे तू न लिहिताच लिहिलंस. मलाही सगळं आठवतं.

परीक्षकांत एक बाई होत्या, कुठल्याशा कॉलेजात शिकवणाऱ्या. त्या वाकून बघत होत्या. त्यांनी दोऱ्याला लटकलेला वाटाणा दोन बोटांत धरला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, ‘हा चंद्र कुणी केला?’

मी म्हणालो, ‘मुलीने केला.’

तेवढ्यावरही थांबता आलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं होतं की काहीतरी चुकलं आहे. काय चुकलं ते कळलं नव्हतं, पण कुणावर तरी ढकलायला हवं एवढं कळलं. म्हणून मी पुढे म्हणालो, ‘मी सांगत होतो हिला. ऐकत नाही.’

हे वाक्य माझ्याकडे कुणी मागितलेलं नव्हतं. ते मी आपणहून दिलं.

दुसरे परीक्षक हसले आणि म्हणाले, पुस्तक न उघडताच मॉडेल केलंय. आजूबाजूची शाळकरी पोरं हसली. त्या बाईंनी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघितलंस, मग दाराकडे. दारात येसाजी उभा होता, मॉडेल आणलेली रिकामी गोणी हातात घेऊन. तू काहीच बोलली नाहीस.

तू बोलली असतीस तर मी काय केलं असतं, हे मी कालपासून स्वतःला विचारतो आहे. तुला खोटं पाडलं असतं. अठ्ठेचाळीस वर्षांचा मास्तर, हेडमास्तर म्हणून मिरवणारा, बारा वर्षांच्या पोरीला सगळ्यांसमोर खोटं पाडायला तयार होता. मी स्वतःला तापट समजत होतो, थोडा गर्विष्ठही समजत होतो. असा समजत नव्हतो.

आणि म्हणजे मागच्या पत्रातलं माझं ते वाक्यही खोटंच. येसाजीला मी तुझ्याबद्दल एक शब्द बोललो नाही हे खरं. पण तो दारातच उभा होता, त्याला वेगळं सांगायची गरजच काय होती? बापाने माझं ऐकलं, तुला हट्टी आणि खोटी समजला आणि घरी बसवली. तुमचं तेव्हापासून जे मोडलं ते माझ्या तोंडाने मोडलं.

मी येसाजीला सांगणार आहे. आज सांगेन असं लिहिणार होतो, पण मला भीती वाटते. होडीवरचा माणूस आहे, पासष्टीतही दोन माणसांचं जाळं एकटा ओढतो. पण ती भीती नाही. तो अजून मला रस्त्यात बघून थांबतो आणि हात जोडतो. ते हात एकदा खाली आले की माझ्यापाशी काय उरतं?

दसऱ्याच्या आत सांगतो. नाही सांगितलं तर तू मला कार्ड पाठव.

दिनानाथ

३ ऑक्टोबर २०२५

हेमांगी,

काल दसऱ्याला सांगितलं.

तो किनाऱ्यावर होडीच्या सावलीत जाळं शिवत बसला होता. मी शेजारी वाळूत बसलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं बोललो. वाटाणा, टोपली, ‘मुलीने केला’, आणि ते पुढचं वाक्य. तुझं कार्डही दाखवलं. तो मान वर न करता शिवत राहिला.

त्यानंतर तो जे बोलला ते मी आज लिहीत नाही. तुला लिहू नका असं तो म्हणाला आहे. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. तिथून उठलो आणि घरी कसा आलो ते मला सांगता येणार नाही. शेजारणीने सोनं द्यायला हात पुढे केला, मी तिच्याकडे नुसता बघत राहिलो.

मला वाटत होतं की या गोष्टीच्या तळाला मी पोचलो आहे. माझ्याहून वाईट त्यात काही सापडायचं नाही. तसं नव्हतं. मला दोन दिवस दे.

दिनानाथ

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

हेमांगी,

आज सकाळी येसाजी माझ्या घरी आला. पायऱ्या चढून वर आला आणि ओट्यावर बसला. बावीस वर्षांत तो या पायऱ्या चढला नव्हता. गणपतीला सगळी वाडी माझ्या घरी येते, तो रस्त्यावरूनच हात जोडून पुढे जायचा. मी ती अदब समजायचो. चारचौघांत सांगायचोसुद्धा, येसाजीसारखा मान ठेवणारा माणूस आता बघायला मिळत नाही.

आधी दसऱ्याचं सांगतो, आता सांगायला हरकत नाही. मी सगळं बोलून झाल्यावर तो म्हणाला, ‘ठाव हाय.’

मी विचारलं, ‘काय ठाऊक आहे?’

‘चांद मोसंब्यायेवढा व्हता. गोनीत चेपंल म्हनून मी यस्टीत त्यो मांडीवर धरून आनला व्हता, दोन तास. माझ्या हातातून पोरीनं घेतला न बांधला. मंग मी चा प्यायला गेलो न आलो तर तिथं वाटाना. न तुमी सांगत व्हता, पोरीनं केला.’

मी विचारलं, ‘मग तू बोलला का नाहीस?’

‘काय बोलू? चार साहेब बसलेले. मास्तर खोटं बोलतो म्हनू? माझं कोन खरं मानंल?’

‘आणि मग तिला शाळेतून का काढलीस?’

तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर केली. म्हणाला, ‘गुरुजी, तुमच्या हाताखाली परत कशी धाडू?’

हेमांगी, बावीस वर्षं मी असं समजत होतो की एका अडाणी बापाने पोरीचं शिक्षण तोडलं. मीच गावभर तसं बोललो आहे. दुसरी शाळा पाच मैलांवर होती, तिथे जायला माझ्या सहीचा दाखला लागला असता, आणि तो मागायला माझ्या दारात यायला याचा पाय उचलला नाही. एवढंच. त्याने तुला क्षणभरही खोटी समजली नव्हती.

मी म्हणालो, हे तिला आजच कळवतो. तर त्याने माझं मनगट धरलं. ‘नको. बाप अडानी, मास्तराच्या नादी लागला, म्हनून ती रागावली हाय. त्ये चालंल मला. बापानं समदं बघितलं न गप ऱ्हायला, ह्ये तिला कळलं तर माझं काय ऱ्हाईल तिच्यापाशी?’

मी मनगट सोडवून घेतलं आणि निघालो.

दोन दिवस तो होडी घेऊन धंद्यावर गेला नाही. आज आला. मी पाणी पुढे केलं तर म्हणाला, पाणी मागाहून, आधी लिवा. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, ‘तुमी तुमचं सांगून बसलात. मी काय तुमच्याहून भित्रा ऱ्हाऊ?’

आता खाली जे आहे ते त्याच्या तोंडचं आहे. तो सांगत होता आणि मी लिहीत होतो.

‘हेमा, चांद तू केलास तसाच व्हता. मी बघितला व्हता. गुरुजींनी बदलला त्ये बी मला कळलं. मी दारात उभा व्हतो न बोललो न्हाय. तू माझ्याकडं बघितलंस त्ये मी बघितलं, न मी खाली गोनीकडं बघितलं. शाळंतून काढली ती तुला खोटी समजून न्हाय. तुला त्ये सांगाया पायजे व्हतं. सांगायला गेलो की दारातलं बी सांगाया लागलं असतं, म्हनून न्हाय सांगितलं.’

इथे तो थांबला. मी विचारलं, आणखी काही? तो म्हणाला, ‘तू ये, असं लिवू का?’ मी म्हणालो, ते मी कसं सांगू. मग म्हणाला, ‘नको. लिवा, तू म्हनशील तवा मी तिकडं येईन. म्हनली न्हायस तर न्हाय येनार.’

खाली सही त्याची आहे. पहिली बिघडली म्हणून दुसरी केली आहे.

मी पाकीट चिकटवायला घेतलं तर त्याने हात पुढे केला. ‘न्हाय, गुरुजी. ह्ये माझ्याकडं द्या.’ त्याला फारसं वाचता येत नाही. हे पत्र तो उद्या दीपेश सरांकडे नेणार आहे. ते त्याला पहिल्यापासून वाचून दाखवतील आणि त्याच्या तोंडचं मी काही बदललेलं नाही, याची खात्री झाली की तो स्वतः पोस्टात टाकेल. मी बरं म्हणालो.

दिनानाथ